ग्रंथिक सन्निपात आणि कॅस्पेझ-८ : प्लेगच्या इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू

पुणे-देहू परिसरातील वर्गांत १८९७ चा प्लेग शिकविला जातो तो मुख्यतः रँडची प्लेग समिती, घरझडत्या आणि २२ जूनचा गोळीबार या क्रमाने. रुग्णसेवा करताना १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले यांना आलेला मृत्यूही आपण सांगतो. मात्र रुग्णाच्या शरीरात काय घडत होते, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरच राहतो. वस्तुतः ‘ग्रंथिक सन्निपात’ या तत्कालीन मराठी नावातच जांघेत वा काखेत येणाऱ्या गाठीची, म्हणजे दाहाची, नोंद आहे.

यर्सिनने १८९४ मध्ये हाँगकाँग येथे या रोगाचा जीवाणू शोधला. त्या गाठीत पेशी कशा मरतात, हे समजण्यास मात्र शतक लोटावे लागले. १९७२ मध्ये केर, वायली व करी यांनी पूर्वनियोजित पेशीमृत्यूस ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. १९९६ मध्ये डेव्हिड वॉलॅक आणि विश्व दीक्षित यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे कॅस्पेझ-८ हे विकर ओळखले. पेशीला गाजावाजा न करता संपविणारे, अशीच त्याची पहिली ख्याती होती.

ही ख्याती अपुरी ठरली. यर्सिनिया जीवाणू महाभक्षी पेशीत ‘वायओपीजे’ हे प्रथिन सुईसारख्या यंत्रणेने टोचतो व तिची धोक्याची सूचना देणारी साखळी तोडतो. साखळी तुटल्याचे ओळखून पेशी कॅस्पेझ-८ कार्यान्वित करते. हे विकर गॅस्डर्मिन-डी या प्रथिनाचा छेद करते, पेशीपटलास छिद्रे पडतात आणि दाहकारक द्रव्ये बाहेर येतात, असे २०१८ च्या प्रयोगांनी दाखविले. म्हणजे येथे मरणारी पेशी शेजाऱ्यांना सावध करून मरते. कॅस्पेझ-८ व आरआयपीके-३ दोन्ही नसलेले उंदीर या संसर्गास सहज बळी पडतात, हे त्याआधीच दिसले होते. अर्थात गाठीचे संपूर्ण स्पष्टीकरण या एकाच विकरात शोधणे धाडसाचे होईल.

या संदर्भात हाफकिनची लस नव्याने वाचण्याजोगी आहे. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत त्याने स्वतःस टोचून घेतले ते उष्णतेने मारलेले जीवाणू. मृत जीवाणू वायओपीजे टोचू शकत नाही. शरीराला मात्र त्याची ओळख पटते. हाफकिनला यातील रेणू ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.