कृष्णकमळ

कृष्णकमळ (शास्त्रीय नाव: पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा, कुल: पॅसिफ्लोरेसी) ही ताण्यांच्या आधारे चढणारी बहुवर्षायू वेल आहे. तिचे मूळस्थान अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा आग्नेय भाग होय. नावात कमळ असले तरी कमळाच्या कुलाशी तिचा संबंध नाही. महाराष्ट्रात कुंपणांवर व मांडवांवर शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या पॅसिफ्लोरा प्रजातीतील इतर जातींना व संकरांनाही सरसकट कृष्णकमळच म्हणतात. फळांविषयीचा घोटाळा येथूनच सुरू होतो.

फूल आणि नाव

पाच संदले व पाच पाकळ्या सारख्याच दिसत असल्याने फूल दहा पाकळ्यांचे वाटते. त्यांवर जांभळ्या तंतूंचे वलय, मध्यभागी पाच पुंकेसर व वर तीन कुक्षी असतात. मराठी घरांत तंतूंना शंभर कौरव, पुंकेसरांना पाच पांडव आणि कुक्षींना ब्रह्मा, विष्णू, महेश मानतात. अमेरिकेत गेलेल्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी या प्रजातीच्या फुलांत येशूचा काटेरी मुकुट, पाच जखमा व तीन खिळे पाहिले. ‘पॅशन फ्लॉवर’मधील ‘पॅशन’ म्हणजे येशूच्या यातना. प्रेमभावनेशी त्याचा संबंध नाही. वेलच परदेशातून आलेली असल्याने महाभारताशी तिची सांगड फार जुनी असू शकत नाही, पण ती चपखल आहे, हे मान्य करावे लागते.

फळ

फळ कोंबडीच्या अंड्याएवढे असून पिकल्यावर पिवळसर होते. बियांभोवतीचा आंबटगोड गर खातात. मूळ प्रदेशातील आदिवासी जमाती युरोपीय लोक येण्यापूर्वीपासून हे फळ खात. मोठे भुंगे परागण करतात. स्वतःच्या परागाने या वेलीला सहसा फळ धरत नाही. त्यामुळे छाटकलमांपासून वाढवलेली एकटी वेल भरपूर फुलूनही निष्फळ राहते. बाजारातील पॅशन फ्रूट हे पॅसिफ्लोरा एड्युलिस या वेगळ्या जातीचे फळ असून भारतात त्याची लागवड केरळ, कोडगू व ईशान्येकडील राज्यांत होते.

उपयोग व दक्षता

चेरोकी लोक मुळांचा उपयोग गळवांवर व कानदुखीवर करीत. पुढे वाळवलेल्या पाल्याचा काढा अस्वस्थता व निद्रानाश यांवर अमेरिकेत व युरोपात रूढ झाला. त्याच्या परिणामकारकतेचे पुरावे मर्यादित आहेत. गरोदर स्त्रियांनी तो घेऊ नये. झोपेच्या औषधांसोबत घेतल्यास गुंगी वाढू शकते. या प्रजातीतील अनेक जातींच्या पानांत व कच्च्या फळांत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. म्हणून जात नक्की ठाऊक नसलेल्या बागेतील वेलीचे फळ, विशेषतः कच्चे, मुलांना खाऊ देऊ नये.

पानांवर दिसणाऱ्या काटेरी अळ्या बहुधा टॉनी कोस्टर या फुलपाखराच्या असतात. त्या पाने फस्त करतात, परंतु जोमदार वेल पुन्हा फुटते.