पहिलं पान कोणाचं?

साहित्यसिद्धांत शिकायचा तर आधी कुठलं पुस्तक घ्यावं? वाटतो तितका हा प्रश्न साधा नाही. मूळ ग्रंथ एकेक करून वाचायचे म्हटले तर उभा जन्म पुरायचा नाही. म्हणून आपण संकलनाकडे वळतो. अनेकांचे निवडक लेख, प्रत्येकाच्या आधी संपादकाची छोटीशी टीप, सगळं एका बांधणीत. एकदा पैसे मोजले की निदान दोन-तीन वर्षं तेच पुस्तक सोबत राहतं, आणि त्यात जे नाही ते जगातच नाही असं हळूहळू वाटायला लागतं. खरी भीती आहे ती हीच.

मला अशा पुस्तकांच्या अनुक्रमणिका चाळायचा नाद आहे. त्यातही पहिलं पान कोणाला दिलंय ते मी आधी बघतो. गेल्या शंभरेक वर्षांतली चार-पाच संकलनं नुसती शेजारी ठेवली, तरी या विषयाचा अर्धा इतिहास कळतो.

जॉर्ज सेंट्सबरी हे एडिंबरा विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांनी १९०३ साली विद्यार्थ्यांसाठी 'लोकी क्रिटिकी' नावाचं संकलन काढलं. सुरुवात ॲरिस्टॉटलपासून, आणि तसं उपशीर्षकातच सांगितलेलं. पुढे १९७१ साली हॅझर्ड ॲडम्स यांचं संकलन आलं, 'क्रिटिकल थिअरी सिन्स प्लेटो'. म्हणजे शिष्याकडून गुरूकडे, एकच पिढी मागे! पण तेवढ्याने प्रश्नच बदलतो. ॲरिस्टॉटल विचारतो, चांगली शोकांतिका घडते कशी? प्लेटो विचारतो, या कवींना नगरात ठेवायचं तरी का? पहिल्या पुस्तकात विद्यार्थी कारखान्यात शिरतो, दुसऱ्यात थेट कोर्टात.

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र डेव्हिड लॉज यांचं. हे प्राध्यापक होते आणि कादंबरीकारही. त्यांनी १९७२ साली विसाव्या शतकातल्या समीक्षेचं एक जाडजूड संकलन केलं. त्यात टी. एस. एलियट, व्हर्जिनिया वुल्फ अशी स्वतः लिहिणारी मंडळी ठळकपणे दिसतात. मग १९८८ साली त्यांनीच 'मॉडर्न क्रिटिसिझम अँड थिअरी' काढलं, आणि त्याचं पहिलं पान दिलं फर्दिनां द सोस्यूर यांना. सोस्यूर भाषाशास्त्रज्ञ. साहित्यसमीक्षा हा त्यांचा प्रांतच नव्हे. शिवाय ज्या पुस्तकामुळे ते ओळखले जातात ते त्यांनी स्वतः लिहिलेलंच नाही. त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९१६ साली, विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून सहकाऱ्यांनी ते तयार केलं. म्हणजे तेही एका अर्थी संकलनच!

संपादक तोच, मधे सोळा वर्षं. झालं काय होतं? १९६६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या परिषदेत देरिदांनी एक निबंध वाचला. बार्थ आणि लाकां हेही तिथे होते. तिथून निघालेले विचार इंग्रजीच्या वर्गापर्यंत पोचायला वेळ लागला, पण पोचल्यावर त्यांनी वर्गाची मांडणीच बदलली. 'ही कविता चांगली का?' हा प्रश्न मागे पडला आणि 'अर्थ मुळात तयार होतो कसा?' हा पुढे आला. देरिदांचा तो निबंध लॉज यांच्या दुसऱ्या संकलनात आहे.

२००१ साली 'नॉर्टन अँथॉलॉजी' आली. पानं अडीच हजारांहून जास्त, सुरुवात गॉर्जियसपासून. शब्द मनावर औषधासारखा परिणाम करतात असं म्हणणारा हा ग्रीक वक्ता. पण एवढ्या मोठ्या पुस्तकातही भर होती ती पश्चिमेवरच. २०१० च्या दुसऱ्या आवृत्तीत सी. डी. नरसिंहय्या, अदोनिस, ली झेहौ आणि काराटानी कोजिन हे आले. चांगलंच झालं. पण हे सगळे आधुनिक.

आपल्याकडे २००२ साली गणेश देवी यांनी 'इंडियन लिटररी क्रिटिसिझम' हे संकलन केलं. तिथे पहिलं पान भरतमुनींचं. कवी दोषी की निर्दोष हा वादच तिथे नाही. समोर बसलेल्या प्रेक्षकाला रस येतो कसा, इथून बोलणं सुरू होतं. पुढे तमिळचे तोल्काप्पियर आहेत, आपले ज्ञानेश्वर आहेत, गालिब आहेत, मर्ढेकर आणि नेमाडेही आहेत. याला मागची पार्श्वभूमी आहे. १९९२ च्या 'आफ्टर अॅम्नेशिया'त देवी यांनी मांडलं होतं की एकीकडे संस्कृत आणि दुसरीकडे पश्चिम, यांच्या मधली देशी भाषांची कित्येक शतकं आपण विसरून बसलोय. ज्ञानेश्वरांना सिद्धांताच्या पुस्तकात जागा देणं हे त्या विसरण्याला दिलेलं उत्तर आहे. आपण ज्ञानेश्वरी भक्तीसाठी वाचतो, काव्यासाठीही वाचतो. पण शब्दाचं सामर्थ्य काय, श्रोत्याचं काम काय, याचा विचार करणारे म्हणून ज्ञानेश्वर किती जणांना वर्गात भेटले असतील?

तर मग घ्यायचं कुठलं? माझं उत्तर असं, की एक घेऊच नये. लॉज आणि देवी, दोन्ही घ्यावीत. परवडत नसेल तर एक विकत, एक ग्रंथालयातून. 'नॉर्टन' संदर्भासाठी उत्तम, पण नवख्या माणसाने त्यानेच सुरुवात केली तर तो दमायचाच. आणि दुकानात उभ्याउभ्या एक परीक्षा जरूर करावी. पहिला लेख कोणाचा आणि शेवटचा कोणाचा ते बघावं. मग आपण पूर्ण वाचलेला एखादा लेख शोधून संपादकाने त्याला कात्री कुठे लावलीय ते तपासावं. तो संपादक आपल्याला कुठे न्यायला निघालाय, याचा एवढ्यावरून चांगला अंदाज येतो.

दोन पुस्तकांच्या दोन वेगळ्या सुरुवाती समोर असल्या की कुठलीच 'खरी' सुरुवात वाटत नाही. मग मधल्या पानांवर कोण राहून गेलं, हे विचारायची सवय आपोआप लागते. सिद्धांत शिकायचा तो एवढ्यासाठीच ना?