मिठाने घेतलेला चांदीचा कस

नाणं म्हटलं की आपण त्यावरचं नाव वाचतो. बादशहा कोण, टांकसाळ कुठली, साल कोणतं. मला मात्र आणखी एक प्रश्न पडतो. या नाण्यात चांदी खरोखर किती आहे?

पूर्वी हे आगीने ठरवत. नाण्याचा तुकडा शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या वाटीत तापवायचा. शिसं आणि तांबं राखेत जिरून जाई, वर चांदीचा मणी उरे. तो तोलला की कस कळला. पण थोडी चांदीही राखेत जाई. म्हणजे कस खऱ्यापेक्षा कमी दिसे. फ्रान्सच्या कायद्याने नाण्यात हजारात ९०० भाग चांदी हवी होती. आगीच्या परीक्षेत ९०० दाखवायला टांकसाळीला त्याहून जास्त चांदी घालावी लागे. तोटा सरकारी खजिन्याचा.

१८२९ मध्ये पॅरिसच्या टांकसाळीचा मुख्य परीक्षक झालेल्या गे-ल्युसॅकने साधं मीठ हाती घेतलं. १८३२ मध्ये त्याने आपली रीत प्रसिद्ध केली. नाणं नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवलं आणि मिठाचं पाणी घातलं की चांदी पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसते. तांबं पाण्यातच राहतं. चांदी आणि मीठ यांचं प्रमाण ठरलेलं असतं. आजच्या अणुभारांनुसार चांदीच्या १०७.८७ भागांना मिठाचे ५८.४४ भाग. म्हणून १ ग्रॅम चांदीला ०.५४१८ ग्रॅम मीठ पुरतं.

एवढं मीठ १०० मिलिलिटर पाण्यात यावं, असं द्रावण त्याने बनवलं. समजा १.०९१ ग्रॅमच्या तुकड्याला ते बरोबर १०० मिलिलिटर लागलं. मग त्यात चांदी १ ग्रॅम, म्हणजे ९१.७ टक्के. शेवटच्या थेंबांसाठी दहापट पातळ द्रावण. त्याच्या १ मिलिलिटरमागे चांदी १ मिलिग्रॅम. बाटली हलवायची, पाणी नितळ होऊ द्यायचं, आणखी थोडं घालायचं. ढग उठायचा थांबला की चांदी संपली.

मला सगळ्यात आवडते ती पुढची गोष्ट. त्याने मिठावरही आंधळा विश्वास ठेवला नाही. ते द्रावण तो आधी शुद्ध चांदीवर तपासून घेई.

ही खबरदारी आपल्याला परकी नाही. १८३५ च्या कंपनी रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यातले बारापैकी अकरा भाग चांदी. १९४० मध्ये सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. राजा तोच, वजन तेच. पण आधी साधारण १०.६९ ग्रॅम चांदी असे, आता ५.८३. पुढे १९४७ च्या रुपयात तर चांदीच राहिली नाही, तो निकेलचा झाला.

घरातल्या पेटीत असे रुपये असतील आणि भावाबहिणींत वाटायचे असतील, तर नुसते मोजून वाटू नका. प्रत्येकावरचं साल आधी बघा. एकाच्या वाट्याला १९३८ चे आणि दुसरीच्या वाट्याला १९४५ चे आले, तर संख्या सारखी असूनही हक्क निम्मा होतो.