न्हाणीघराची जमीन

नवें घर बांधणारा गृहस्थ दिवाणखान्याच्या लाद्या निवडण्यांत आठ-आठ दिवस घालवितो. रंग पाहतो, नक्षी पाहतो, शेजाऱ्याचा दिवाणखाना पाहून येतो. न्हाणीघराची पाळी आली कीं मात्र दुकानांतील एखादा चकचकीत नमुना हातांत धरून ‘हाच द्या’ म्हणून मोकळा होतो. तो नमुना त्यानें कोरडा पाहिलेला असतो आणि पायांत जोडा घालून पाहिलेला असतो. घरांतील ज्या एकाच खोलींत माणसाचा पाय अनवाणी, ओला व साबणानें माखलेला असतो, त्या खोलीची जमीन अशा रीतीनें ठरते.

ही उपेक्षा मात्र फार जुनी नाहीं. सिंधमधील मोहेंजोदडो येथें १९२२ सालीं राखालदास बॅनर्जी यांनीं उत्खननास आरंभ केला, आणि पुढें सर जॉन मार्शल यांच्या देखरेखीखालीं तें नगर हळूहळू उघडें झालें. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या त्या नगरांत घरोघरीं न्हाणी आढळल्या. घरांतील इतर खोल्यांची जमीन पुष्कळदां नुसत्या चोपलेल्या मातीची. पण न्हाणीची मात्र भाजलेल्या विटांची, आणि त्या विटाहि कडा घासून एकमेकींस अशा चिकटविलेल्या कीं सांध्यांतून पाणी झिरपूं नये. सगळ्या जमिनीस एका कोपऱ्याकडे उतार, त्या कोपऱ्यांतून भिंतींत मोरी, आणि मोरीचें पाणी रस्त्यांतील झांकलेल्या गटारांत. आजचा कोणताहि चांगला गवंडी याहून वेगळें कांहीं करीत नाहीं. वाईट गवंडी मात्र करतो.

त्याच नगरांतील महास्नानगृहाचें कुंड अंदाजे ३९ फूट लांब, २३ फूट रुंद व ८ फूट खोल आहे. त्याच्या विटा आडव्या न निजवितां कडेवर उभ्या बसविल्या आहेत व त्यांच्या सांध्यांत जिप्समचा चुना भरला आहे. बाजूच्या भिंतीमागें पाणी अडविण्यासाठीं डांबराचा थर आहे. तळास नैर्ऋत्येकडील निकासाच्या दिशेनें उतार आहे. कुंडांत उतरण्याच्या पायऱ्यांवर एके काळीं लांकडी फळ्या डांबरांत बसविलेल्या होत्या, अशीं चिन्हें संशोधकांस दिसलीं. त्या कां बसविल्या हें त्या लोकांनीं लिहून ठेवलेलें नाहीं, आणि जें लिहिलें तें अद्याप कोणास वाचतां आलेलें नाहीं. पण ओल्या विटेच्या कडेवर टाच ठेवण्यापेक्षां लांकडावर ठेवणें बरें, हें कळण्यास लिपी लागत नाहीं.

रोमन लोकांनीं स्नानगृहांवर जितका पैसा व जितकी बुद्धि खर्च केली तितकी फारच थोड्या राष्ट्रांनीं केली असेल. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतील व्हिट्रुव्हिअस नांवाच्या स्थपतीनें आपल्या ग्रंथांत उष्णस्नानाच्या खोलीची जमीन कशी करावी तें सांगितलें आहे. खालीं विटांचे बुटके खांब, त्यांवर रुंद कौलें, आणि त्यांवर जमीन. खांबांमधून भट्टीची ऊष्णता खेळावयाची. या पोकळीचा तळ असा उतरता असावा कीं आंत चेंडू टाकिला तर तो न थांबतां भट्टीच्या तोंडाशीं परत यावा, अशी त्याची कसोटी आहे. ज्वाळा सहज वर चढावी म्हणून तो उतार होता, पाणी जावें म्हणून नव्हे. तरी मोजपट्टीवांचून उतार पारखण्याची ही युक्ति पाहिली म्हणजे फरशीवर तांब्याभर पाणी ओतून तें कोणत्या कोपऱ्यांत जातें हें पाहणाऱ्या आपल्याकडील गवंड्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. विटांचा चुरा चुन्यांत कालवून रोमन लोक जी न झिरपणारी जमीन करीत, ती म्हणजे आपली सुरखीच.

पण रोमन श्रीमंतांस संगमरवराची हौस होती, आणि गुळगुळीत संगमरवर ओला झाला म्हणजे कोणाचीहि भीड ठेवीत नाहीं. शिवाय खालच्या ऊष्णतेनें तळवे भाजत. यावर उपाय जमिनीवर न होतां पायांवर झाला: स्नानगृहांत पादत्राणें आलीं. उत्तर आफ्रिकेंतील साब्राथा येथील एका स्नानगृहाच्या जमिनीवर रंगीत खड्यांनीं पादत्राणांचें चित्रच काढलेलें आहे. पुढें तुर्की हमामांत हाच प्रघात उंच लांकडी खडावांच्या रूपानें टिकला. त्यांस ‘नालीन’ म्हणत, आणि श्रीमंत स्त्रियांच्या नालिनांवर शिंपल्याचें जडावकाम असे. जमीन शोभेची, म्हणून पायांस खडावा. आणि खडावा पायांस आल्या म्हणून त्याहि शोभेच्या!

महाराष्ट्रांतील जुन्या वाड्यांतील न्हाणी याच्या अगदीं उलट प्रकारची होती. ती बहुधा परसाच्या बाजूस, विहिरीपासून जवळ, कांहींशी काळोखी असे. तांब्याचा बंब किंवा चुलीवरील हंडा, पितळी घंगाळ, टाच घासण्यास वजरी, आणि खालीं काळ्या पाषाणाची फरशी. हा दगड पाथरवटानें टांकीनें घडविलेला असे. त्यास झिलई देण्याची कोणास गरज वाटली नाहीं, आणि टांकीचे ते बारीक घाव पायास धरून ठेवीत. न्हाणीचें पाणी परसांत केळीच्या व अळवाच्या मुळाशीं जाई. कोंकणांत जांभा दगड असे. तो स्वभावतःच खरबरीत, पण सच्छिद्र असल्यामुळें पावसाळ्यांत त्यावर शेवाळ धरे, व मग त्याचा खरबरीतपणा कामास येत नसे. दर कांहीं दिवसांनीं तो खराट्यानें घासावा लागे, आणि हें काम कोणाच्या वांट्यास येई तें सांगावयास नको.

तथापि या जुन्या न्हाणींत माणसें फारशीं पडत नसत याचें सगळें श्रेय दगडास देणें न्याय्य होणार नाहीं. मुख्य कारण असें कीं स्नान बसून होई. पाटावर किंवा दगडावर बसावें, पुढें घंगाळ घ्यावें, तांब्यानें पाणी अंगावर घ्यावें. दिवाळींतील अभ्यंगाच्या पहांटे सगळी न्हाणी तेलानें व उटण्यानें बुळबुळीत होई, तरी बसलेला मनुष्य घसरून घसरून किती घसरणार? उठतांनाचा व उंबऱ्याबाहेर पडतांनाचा क्षण तेवढा जपावा लागे.

यानंतरचा मोठा फेरबदल आगगाडीनें केला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८७१ सालीं रायचूरपर्यंत पुरा झाला, आणि निजामच्या राज्यांतील, आजच्या कर्नाटकांतील, शहाबाद हें गांव त्या मार्गावर आलें. तेथील करडा-निळसर चुनखडीचा दगड निसर्गतःच थरांथरांनीं बसलेला असल्यामुळें त्याच्या सपाट फरश्या थोड्या श्रमांत निघतात. पुण्यामुंबईकडील चाळींतल्या मोऱ्यांत हीच फरशी बसली. खोलीच्या कोपऱ्यांत वीतभर उंचीचा कठडा, आंत शहाबादी. तेथेंच आंघोळ, तेथेंच भांडीं, तेथेंच धुणें. तिच्याकडे कौतुकानें कोणी पाहिलें नाहीं, पण तिच्या नैसर्गिक पृष्ठावरील बारीक उंचसखलपणानें पुष्कळांचीं हाडें वांचविलीं असतील. पुढें तिलाहि यंत्रानें घासून गुळगुळीत करण्याची चाल पडली, आणि तिचा मुख्य गुण दुकानांतच पुसला गेला.

विलायतेंत त्याच शतकांत दुसरी गोष्ट घडत होती. मातीची कोरडी पूड यंत्राखालीं दाबून लादी करण्याचें पेटंट रिचर्ड प्रॉसर यानें १८४० सालीं घेतलें, आणि हर्बर्ट मिंटन यानें त्या कल्पनेचा कारखाना उभारला. मिंटनच्या रंगीत लाद्या मुंबईंतील भायखळ्याच्या, १८७२ सालीं उघडलेल्या, संग्रहालयांत आजहि पाहावयास मिळतात. पांढऱ्या चकचकीत लादीचा प्रसार पुढें रोगजंतूंच्या शोधानें वाढला. मळ लपत नाहीं, पाण्यानें पुसला जातो, म्हणून इस्पितळें व श्रीमंतांचीं स्नानगृहें पांढरीं झालीं. हा गुण खरा होता. पण ती लादी भिंतीची होती. भिंतीवर कोणी चालत नाहीं हें विसरून तीच पायाखालीं घालण्यांत आली, आणि तेथून घात सुरू झाला. आपल्याकडे सिमेंटच्या लाद्यांनीं मधला एक मार्ग काढला. फिरोजशा सिधवा यांनीं १९२२ सालीं स्वदेशीच्या प्रेरणेनें काढलेल्या भारत टाइल्सच्या कारखान्यानें विलायती लाद्यांस देशी जोड निर्माण केली. सिमेंटच्या लादीवर कांचेसारखा मुलामा नसतो, म्हणून ती पायास बरी लागते. मोझॅकची गोष्टहि थोडीबहुत तशीच, फक्त तिला फार झिलई देऊं नये.

आणि याच सुमारास शहरांतील मनुष्य आंघोळीस उभा राहिला. डोक्यावर तुषारांचा नळ आला, पाट गेला. जमीन अधिक गुळगुळीत झाली, आणि नेमका त्याच वेळीं देहाचा सगळा भार दोन ओल्या तळव्यांवर आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारे ६,८४,००० माणसें पडण्यामुळें मरतात, आणि त्यांत साठीपलीकडील माणसांचें प्रमाण सर्वांत अधिक आहे. हे सर्व न्हाणीघरांतच पडतात असें नव्हे. पण खुब्याचें हाड मोडून अंथरुणास खिळलेली आजी ज्या घरांत आहे, तेथें ती कोठें पडली हें विचारावें. उत्तर पुष्कळदां एकच येतें.

पाय घसरतो तो पाण्यामुळें खरा, पण नुसत्या पाण्यामुळें नव्हे. तळवा व गुळगुळीत लादी यांच्यामध्यें पाण्याचा पातळ पापुद्रा सांपडतो, त्यास निसटण्यास वाट नसते, आणि पाय लादीवर न टेकतां त्या पापुद्र्यावर तरंगतो. साबण मिसळला म्हणजे तो पापुद्रा अधिकच चिवट होतो. लादीवर बारीक कण किंवा जवळजवळ सांधे असले तर पाणी त्यांत शिरतें व तळवा लादीस भिडतो. हा घसरटपणा मापण्याची खटपट विसाव्या शतकांत झाली. अमेरिकेंत पर्सी सिग्लर यानें १९४० च्या दशकांत एक लंबक बनविला. त्याच्या टोंकाची पट्टी जमिनीस घासून जाते, व तिचा वेग किती मंदावला यावरून जमिनीची पकड ठरते. जर्मनांची रीत अधिक गमतीची आहे. लाद्या बसविलेल्या फळीवर साबणी पाणी सोडतात, तीवर अनवाणी मनुष्य चालवितात, आणि फळी हळूहळू तिरकी करीत नेतात. तो १२ अंशांपर्यंत टिकला तर लादी कपडे बदलण्याच्या खोलीपुरती, १८ अंशांपर्यंत टिकला तर न्हाणीघरास योग्य, आणि २४ अंशांपर्यंत टिकला तर पाण्यांत उतरणाऱ्या पायऱ्यांसहि चालेल. मनुष्यास अर्थात् दोरीनें बांधून ठेवलेलें असतें.

आतां खरबरीत तितकी चांगली, असेंहि समजूं नये. फार खडबडीत लादींत साबणाचा मळ अडकतो, तो निघण्यास ब्रश लागतो, आणि ब्रशानें भागेनासें झालें कीं घरांत आम्लाची बाटली येते. शहाबादी, कोटा, कडप्पा व संगमरवर हे सर्व चुन्याच्या जातीचे दगड. आम्ल पडतांच त्यांवर फेस येतो, आणि प्रत्येक फेसागणिक दगड झिजतो. आज बाजारांत मिळणारी भट्टींत कांचरूप झालेली लादी आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनहि कमी पाणी शोषते, तर भिंतीची चकचकीत लादी दहा टक्क्यांहून अधिक. म्हणून न्हाणीघरास पहिल्या जातीची, पण मंद पृष्ठाची, बारीक कणांची आणि लहान आकाराची लादी घ्यावी. लहान आकारानें सांधे वाढतात व उतारहि नीट जमतो. तीन-तीन फुटांच्या लाद्यांस एका कोपऱ्याकडे वळविणें गवंड्यास अवघड जातें. उतार दर फुटास पाव इंच धरावा. रंग फिकट घ्यावा, म्हणजे सांडलेलें पाणी व तेल दिसेल. आणि दुकानदार कितीहि हसला तरी नमुन्यावर साबणाचें पाणी ओतून जोडा काढून पाय ठेवून पाहावा.

ज्या घरांत वृद्ध आहेत तेथें डॉक्टर आतां उभ्यानें स्नान न करतां बसून करण्याचा सल्ला देतात, आणि त्याकरितां औषधांच्या दुकानांत चौरंगासारखी एक बैठक मिळते. ती लांकडाची नसून प्लॅस्टिकची असते, आणि तिच्या चारी पायांस रबराच्या टोप्या असतात.