लेटरबॉक्सिंग म्हणजे काय? प्रवरेकाठी खेळता येईल का?

लेटरबॉक्सिंग म्हणजे खुणांवरून लपवलेली डबी शोधण्याचा खेळ. डबीत वही आणि रबरी शिक्का असतो. तो शिक्का आपल्या वहीत आणि आपला शिक्का डबीतल्या वहीत उमटवायचा, मग डबी होती तिथेच ठेवायची.

या खेळाचं मूळ इंग्लंडमधल्या डार्टमूरचं. १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने तिथल्या क्रॅनमिअर पूल या ठिकाणी भेटकार्डांसाठी बाटली ठेवली होती.

अहिल्यानगर जिल्ह्यात रतनवाडीहून रतनगडाकडे जाणारी पायवाट प्रवरेच्या काठाने सुरू होते. वाट खेळाला साजेशी आहे, पण हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. त्यामुळे वनविभागाच्या परवानगीशिवाय इथे डबी लपवू नका. पावसाळ्यात नदीकाठची डबी वाहून गेली, तर तिचा कचरा थेट भंडारदरा धरणात जाईल.