शंभरच्या केसवर एकशे पस्तीसचा ब्लॉक

मध्यंतरी धर्मापुरीला केदारेश्वराचं चालुक्यकालीन देऊळ बघायला गेलो होतो. देवळावर लिहायचं ठरवून गेलो आणि परत आलो ते मोटरसायकलचं इंजिन डोक्यात घेऊन! झालं असं, की टपरीवर चहा घेताना समोर एक यामाहा आरएक्स १०० उभी होती. चालू केल्यावर आवाज मात्र नेहमीपेक्षा भरदार. विचारलं तर गाडीवरचा पोरगा म्हणाला, "वडलांची हाय सर. केस शंभरचीच, वर ब्लॉक एकशे पस्तीसचा. केसचं तोंड लेथवर मोठं करून घेतलंय."

आता यात विशेष काय? जरा आकडेमोड करू. आरएक्स १०० चा बोअर ५० मिमी, स्ट्रोकही ५० मिमी, म्हणजे ९८ सीसी. पुढे आलेल्या आरएक्स १३५ मध्ये स्ट्रोक तोच ठेवला आणि बोअर ५८ केला, झाले १३२ सीसी. बोअरचा वर्ग होतो ना, त्यामुळे आठ मिलिमीटरमध्ये एक तृतीयांश इंजिन वाढलं.

ही युक्ती एकट्या यामाहाची नाही. मद्रासच्या एनफिल्डनं बुलेट ३५० चा ९० मिमीचा स्ट्रोक तसाच ठेवून बोअर ७० चा ८४ केला, की झाली बुलेट ५००. पुण्याच्या बजाजनं २००१ मध्ये पल्सर आणली तेव्हा १५० आणि १८० या दोन्ही गाड्यांचा स्ट्रोक ५६.४ मिमी होता. बोअर एकीचा ५७, दुसरीचा ६३.५. क्रँक तीच चाल चालते, फक्त वरचा पिस्टन जाडजूड.

पण ब्लॉकची स्लीव्ह खाली केसच्या तोंडात उतरते. पिस्टन मोठा तर स्लीव्ह मोठी, स्लीव्ह मोठी तर तोंड मोठं हवं. कारखान्याला सोय असते, मोठ्या इंजिनासाठी केस वेगळी ओतता येते किंवा आधीच जास्त धातू ठेवता येतो. लेथवाल्याला मात्र फक्त काढता येतं.

आपल्याकडे तालुक्याच्या गावी ब्लॉकला बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकणं काही नवीन नाही. पाव मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर, असं चालतं. आणि चूक झाली तर ब्लॉकला नवी स्लीव्ह घालता येते. केसचं काम वेगळं. क्रँक आणि बेअरिंगं काढायची, दोन्ही अर्धुकं परत बोल्टांनी आवळायची, लेथच्या फेसप्लेटवर बांधायची आणि डायल गेज लावून मध्य शोधायचा. मध्य सरकला किंवा केस तिरकी बांधली गेली, तर पिस्टन एका अंगाला घासत राहणार.

दुसरी अडचण पॅकिंगची. तोंड मोठं केलं की पॅकिंग बसायची जागा अरुंद होते, स्टडजवळ तर धातूची नुसती कडा उरते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण केसमधूनच वर जातं. तिथून हवा ओढली गेली की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि भर रस्त्यात जाम! शिवाय केसमधल्या वाटा नव्या ब्लॉकच्या वाटांशी जुळवून घ्याव्या लागतात, नाहीतर वाढलेल्या सीसीचा निम्मा फायदा तिथेच अडतो.

असो. खरी गोष्ट पुढेच आहे. आरएक्स १०० भारतात आली १९८५ मध्ये, आणि धुराचे नियम कडक होत गेले तशी १९९६ मध्ये बंद झाली. म्हणजे जेवढ्या केसेस बनल्या तेवढ्याच. त्यात इंजिन नंबर केसवरच ठोकलेला असतो. ब्लॉक बदलला तरी नंबर तोच, आणि आरसी बुकात अजून ९८ सीसी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ नोंदीशी न जुळणारा असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं.

पोराला आता गाडी पुन्हा वडलांच्या वेळेसारखी करायची आहे. शंभरचा ब्लॉक त्यानं जपून ठेवलाय, पण तो या केसमध्ये सैल बसतो. आर्गन वेल्डिंगनं तोंड भरता येतं, पण अॅल्युमिनियम तापून बेअरिंगच्या जागा वाकायची भीती. रिंग घालून बघता येईल, पण तेवढी जाडी शिल्लक आहे का हे मोजल्याशिवाय कोण सांगणार?

आमच्या धंद्यात काही बिघडलं की कालची प्रत परत आणतो आणि मोकळे होतो. इथे कालची प्रत लेथखालच्या किसात गेली! तुमच्याकडे अजून अनघड केस असलेली शंभर असेल, तर ब्लॉकला हवे तितके ओव्हरसाइज मारा. केसच्या तोंडाला मात्र हात लावू नका.