लांब हातांची आरामखुर्ची

जुन्या वन विश्रामगृहाच्या व्हरांड्यात एक खुर्ची हटकून असायची. सागाची, पाठ मागे कललेली, बैठक वेताच्या जाळीची आणि हात वाजवीपेक्षा दुप्पट लांब. दौऱ्यावरचा साहेब दिवसभर जंगल तुडवून आला, की या हातांवर बुटांसकट पाय टाकून पडायचा. काही खुर्च्यांत हाताखाली दुसरी फळी दडवलेली असे. ती पुढे फिरवली की पाय आणखी पसरता येत. आज हीच खुर्ची पुण्या-मुंबईच्या दुकानांत ‘प्लांटर्स चेअर’ म्हणून मिरवते आणि ताडोब्याभोवतीच्या रिसॉर्टांतही येऊन बसली आहे. ज्या मुलखातून साग बाहेर गेला, त्याच मुलखात तो ‘व्हिंटेज’ होऊन परतला.

या खुर्चीत शोभेपेक्षा हवामानाचा विचार जास्त आहे. गादी भरलेली विलायती खुर्ची इथल्या पावसाळ्यात कुबट होई आणि ढेकणांची सोय होई. वेताच्या जाळीतून मात्र वारा खेळतो. दमट हवेत सरस सुटतो, म्हणून देशी सुताराने कुसू आणि खाच बसवून त्यात लाकडी खुंटी ठोकली. मुंग्या चढू नयेत म्हणून कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे राहिले. नमुना साहेबाचा, पण तो इथे टिकवण्याची अक्कल सुताराची.

लाकूड कुठून आलं, हा या कथेतला जाडजूड भाग. नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर १८५४मध्ये चांदा जिल्हा (आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली) इंग्रजांकडे आला. १८६१मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, आणि १८६५ व १८७८च्या वन कायद्यांनी सरकारचा हात जंगलावर घट्ट बसला. याच जिल्ह्यातल्या अहेरी जमीनदारीतल्या सागाची कीर्ती त्याआधीपासूनच होती. रस्ते नव्हते, पण नदी होती. वर्धा आणि वैनगंगा मिळून होणारी प्राणहिता पुढे सिरोंचाजवळ गोदावरीला भेटते. या पाण्यावरून सागाचे ओंडके थेट राजमहेंद्रीकडे तरंगत जात. दुर्गम भागात ओंडके ओढायला हत्ती होते. गडचिरोलीतल्या कमलापूरचा हत्ती कॅम्प त्याच कामाची खूण म्हणून उरला आहे. तिथले हत्ती आता ओंडके ओढत नाहीत, पर्यटकांच्या कौतुकाचे धनी झाले आहेत.

मग रेल्वे आली. १९२९पर्यंत बल्लारशा ते काझीपेठ हा दुवा पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास लोहमार्ग या जिल्ह्याच्या पोटातून गेला. बल्लारपूर लाकडाचं नाकं बनलं. मध्य प्रांत नकाशावरून पुसला गेला, तरी लाकूडबाजारात ‘सीपी टीक’ हा शब्द अजून जिवंत आहे. प्रांताच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं सागाच्या चिठ्ठीवर चिकटून राहिली, एवढंच.

पण ज्यांच्या अंगणापर्यंत हा साग होता, त्यांच्या घरात तो किती होता? झाडीपट्टीतलं साधं घर म्हणजे लाकडाच्या मेढी, बांबूचा कूड, त्यावर मातीचा लेप, शेणाचं सारवण, वर कवेलू आणि पुढे सपरी. घरात सुंभाने विणलेली बाज, धान्याची शेणाने लिंपलेली ढोली, भिंतीला टेकलेलं सूप. टेबल-खुर्ची नाही, कारण जेवण, बसणं, गप्पा सगळं जमिनीलगत. राखीव जंगलातला साग सरकारच्या मालकीचा. गावाला मिळायचं ते निस्तारापुरतं, म्हणजे घरगुती गरजेपुरतं. तेव्हा ‘जुन्या शैलीचं घर’ म्हणताच डोळ्यांपुढे सागाचं नक्षीदार कपाट उभं राहत असेल, तर ती जुनी शैली या मुलखातल्या मूठभर घरांचीच होती, हे आधीच मान्य केलेलं बरं.

ती मूठभर घरं म्हणजे मालगुजारांचे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनमालकांचे वाडे. दारावर पितळी कड्या, चौकाभोवती सागाचे खांब, कोनाडे, फडताळं, आणि ओसरीवर साखळ्यांना टांगलेली बंगई. पुण्याकडे जिला झोपाळा म्हणतात, तीच विदर्भातली बंगई. दुपारी तिच्यावर घरधनी पडायचा, संध्याकाळी बायका-पोरं. विदर्भ तेव्हा ज्यात होता, त्या मध्य प्रदेशाच्या कायद्याने ३१ मार्च १९५१पासून मालगुजारी संपली आणि वाड्यांचं उत्पन्नच आटलं. वाटण्या झाल्या, मुलं नागपूर-मुंबईला गेली, बंगईच्या साखळ्या माळ्यावर गेल्या.

पुढच्या दोन-तीन दशकांत जे आलं ते चकचकीत होतं. लोखंडी कपाट, फोल्डिंग खुर्ची, आणि सगळ्यावर कडी म्हणून सनमायका. सागाच्या भरीव दारावर लाकडाचं चित्र असलेला सनमायका चिकटवायचा, असाही एक काळ होऊन गेला! त्याला हसण्याआधी एक लक्षात घ्यावं: सनमायका ओल्या फडक्याने पुसता येतो. जुन्या नक्षीच्या खाचांतली धूळ काढताना ज्या बाईची बोटं दुखली, तिने सपाट पृष्ठभाग निवडला तर तिची अभिरुची बिघडली असं म्हणता येणार नाही.

आता तोच सनमायका उपटून आतला साग उघडा करण्याची हौस आहे. घर पाडलं की तुळया, खांब, चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात आणि तिथून टीपॉय, बाक, आरशाची चौकट होऊन फ्लॅटमध्ये शिरतात. जाणकार आधी रंधा मारून बघतो. आतलं पिकलं लाकूड सोनेरी-तपकिरी निघतं, हाताला किंचित तेलकट लागतं आणि त्याला एक खमंग-चामडी वास असतो. त्या तेलामुळेच वाळवी सहसा वाटेला जात नाही. कडेचा पांढरा भाग मात्र वाळवी खाते. पॉलिशही असंच पारखून घ्यावं लागतं. जुन्या कारागिरांचं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजेच लाख. ती लाख पळस-कुसुमासारख्या झाडांवरची, आणि गडचिरोली-गोंदियाच्या जंगलांत ती आजही गोळा होते. चपड्यावर गरम कप ठेवला तर पांढरा डाग पडतो, पण कापसाच्या बोळ्याने पुन्हा हात मारला की तो निघतो. हल्लीचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश टणक असतं; एकदा ओरखडा गेला की सगळं खरवडण्याशिवाय इलाज नाही.

टाकाऊचं सोनं कसं होतं, याचा सर्वांत गमतीदार दाखला चंडीगडचा आहे. या शहराचा वास्तुकार ल कोर्बुझिये याचा चुलतभाऊ पिएर जान्नरे याने १९५०च्या दशकात तिथल्या कचेऱ्यांसाठी साग आणि वेताच्या खुर्च्या करवून घेतल्या. पुढे त्या मोडक्या म्हणून भंगारात गेल्या, आणि परदेशी लिलावांत त्यांना लाखो रुपये मिळू लागले. शेवटी २०११मध्ये केंद्र सरकारला त्यांच्या विक्री-निर्यातीवर बंधनं आणावी लागली. आपल्या सरकारी कचेऱ्यांच्या अडगळीकडे पाहण्याची नजर अशी बदलते.

लाकूड इथलं आणि कलाकुसर दुसरीकडची, हा प्रकार अजून सुरू आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून वन विकास महामंडळाचा साग २९ मार्च २०२३ रोजी पूजा आणि मिरवणुकीसह निघाला. त्यावरचं कोरीवकाम तमिळनाडूच्या कारागिरांनी केलं. नागर शैलीचं मंदिर, दक्षिणेचा हात, चांद्याचं लाकूड.

पण या जिल्ह्यांत जुनी शैली उभी करण्याची सर्वांत धीट गोष्ट कुठल्या दिवाणखान्यात घडली नाही. ती धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात घडली. गावकऱ्यांनी आपली मोडीत निघालेली गोटुलची, म्हणजे तरुणांच्या सामूहिक घराची प्रथा पुन्हा सुरू करायची ठरवली आणि पूर्वीच्या रीतीप्रमाणे सागाचे खांब लावून गोटुल बांधलं. वन खात्याच्या दृष्टीने हा साग बेकायदा तोडलेला. पोलिसांच्या मदतीने ते गोटुल पाडण्यात आलं. त्यावर आसपासच्या गावांनी आपापल्या गावात गोटुल उभारून उत्तर दिलं, आणि खात्याने माघार घेतली. म्हणजे सागाचा खांब हीच इथे हक्काची भाषा ठरली. २००९मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले.

बांबू हीच खरं तर इथल्या घराची मूळ शैली. २०१७मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला, आणि तोडणी-वाहतुकीचा जाच कमी झाला. बुरुड कुटुंबं पिढ्यानपिढ्या सूप, परडी, टोपल्या विणत आली. तीच वीण आज दिव्याच्या शेडवर आणि खोलीच्या पडद्यावर उतरली आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला राज्य शासनाने बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारलं, आणि त्याच्या इमारतींतच बांबू वापरला. २०२१च्या फेब्रुवारीत तिथे मोठी आग लागली. ती बातमी वाचून ‘कुडाच्या घराची हीच तर भीती’ म्हणणाऱ्या जुन्या लोकांना कुणी खोटं पाडू शकलं नाही.

बांबूचं दुसरं दुखणं कीड. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला बांबू किडत नाही, असं गावात सांगतात; केंद्रांत बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात तो भिजवून ठेवतात. घरात आणताना एवढं विचारून घ्यावं. आणि एक खोली पूर्ण जुनी करण्याचा हट्ट सोडावा: साग, बांबू, पितळ आणि सारवणाच्या रंगाची भिंत अशी सगळी भरताड एका हॉलमध्ये केली की ते घर न राहता सिनेमाचा सेट होतो. एक भरीव जुनी वस्तू आणि तिच्याभोवती मोकळी जागा, एवढं पुरतं.

ती वस्तू बंगई असेल तर मात्र आधी ठरवावं लागतं. स्लॅब ओतण्याआधी गजाला कड्या बांधायला गवंड्याला सांगावं लागतं. स्लॅब भरून झाल्यावर आठवण झाली, तर लोखंडी स्टँडवाली बंगई आणावी लागते, आणि ती दुपारभर कुरकुरते.